दगड त्याचा, भाव दुसऱ्याचा

कष्टकऱ्याच्या हाती स्वतःची अवजारे आली, तो ज्या जमिनीत राबतो तिच्यावर कोणा कंपनीचा ताबा राहिला नाही, आणि त्याच्या डोक्यावर मुकादम उभा नसला, की त्याच्या दास्याचा अंत झाला, असे मानण्याकडे पुष्कळांचा कल असतो. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. पण ती अपुरी आहे. तिची पारख करायची असेल, तर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ओपल नावाचे रत्न खोदून काढणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाचे जीवन पाहावे. शेतात राबणाऱ्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच अर्थाने ह्याला खाणकरी म्हणावे लागेल. त्याच्यावर मालक नाही, त्याच्यासाठी भोंगा वाजत नाही, हजेरीपटावर त्याचे नाव नाही. आणि तरीही त्याच्या श्रमाचे मोल ठरविण्याची वेळ येते तेव्हा त्या व्यवहारातला सर्वांत दुबळा माणूस तोच असतो. असे का व्हावे, ह्याचा शोध घेणे आम्हांला अगत्याचे वाटते. कारण ही साखळी ऑस्ट्रेलियात संपत नाही, ती आपल्या देशाच्या बाजारपेठेपर्यंत येऊन पोहोचलेली आहे.

ओपल हे नाव संस्कृतातील 'उपल' ह्या शब्दावरून ग्रीक आणि लॅटिन भाषांत गेले असावे, असे अनेक भाषापंडित मानतात. उपल म्हणजे दगड. आणि खरोखरच हा दगड घटकांच्या दृष्टीने अगदी सामान्य आहे. वाळूत असते तीच सिलिका आणि तिच्यात अडकलेले थोडे पाणी, एवढाच त्याचा ऐवज. मग त्यात इंद्रधनुष्याचे रंग कसे खेळतात? ह्या कोड्याचा उलगडा १९६४ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केला. सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे एकाच आकाराचे असून शिस्तीने एकावर एक रचले गेले असतील, तरच प्रकाश त्यांच्यातून फुटून रंग दिसतात. रचना विस्कळीत असली की दगड निस्तेज राहतो. अशा निस्तेज ओपलाला तेथे 'पॉच' म्हणतात, आणि खोदणाऱ्याच्या हाती बहुतांश तोच लागतो. रंगाचे ओपल कोठे सापडेल हे सांगणारे खात्रीचे शास्त्र नाही. कोळशाचा वा लोखंडाचा साठा मोजता येतो, त्यावर भांडवलाचा हिशेब मांडता येतो. ओपलाचा मांडता येत नाही. बड्या कंपन्या ह्या धंद्यापासून बव्हंशी दूर राहिल्या, त्याचे एक कारण हेच आहे. ज्या धंद्यात नफ्याची शाश्वती नाही, त्यातील जोखीम गरीब माणसाच्या वाट्याला येते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

अॅडलेडच्या उत्तरेस सुमारे ८५० किलोमीटरांवर कूबर पीडी हे गाव आहे. १ फेब्रुवारी १९१५ रोजी सोन्याच्या शोधात निघालेल्या एका तुकडीबरोबर आलेल्या विल्यम हचिसन ह्या १४ वर्षांच्या मुलाला येथे ओपल सापडले. सोने शोधणारे निराश होऊन निघून गेले, ओपल शोधणारे येत राहिले. गावाचे नाव १९२० साली ठरले. तेथील आदिवासींच्या भाषेतील 'कूपा पिटी' ह्या शब्दांचे ते रूप असून 'गोऱ्या माणसाचे बीळ' असा त्यांचा अर्थ लावला जातो. हे वर्णन अक्षरशः खरे आहे. उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या वर जाते, झाडाची सावली नाही, आणि म्हणून पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी टेकड्यांच्या पोटात घरे कोरली. जमिनीखालच्या त्या घरांत बारा महिने हवा सुसह्य असते. आजही गावातील अनेक कुटुंबे तशाच घरांत राहतात. देवळेही जमिनीखाली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीस, इटली, युगोस्लाव्हिया आणि पूर्व युरोपातून उद्ध्वस्त होऊन आलेली माणसे येथे लोटली. कारखान्याच्या दारात ज्यांची भाषा चालत नव्हती, ज्यांच्या पदव्यांना नव्या देशात किंमत नव्हती, त्यांना ह्या वाळवंटाने एकच प्रश्न विचारला: खोदता येते काय?

खोदणे ही काय चीज आहे, हे दागिन्याच्या दुकानात उभे राहून कळत नाही. आरंभीच्या काळात माणूस कुदळ आणि फावडे घेऊन विहिरीसारखा अरुंद उभा खड्डा खणीत असे. माती बादलीत भरायची आणि वरच्या जोडीदाराने ती हातरहाटाने ओढून घ्यायची. ओपलाचा थर असण्याचा संभव असलेल्या पातळीवर पोहोचल्यावर मेणबत्तीच्या वा कार्बाइडच्या दिव्याच्या उजेडात आडवी भुयारे काढायची. पुढे खड्डे पाडणारी यंत्रे आली, भुयार खोदणारी यंत्रे आली, सुरुंग आले, आणि माती नळीवाटे शोषून वर फेकणारी मोठी यंत्रे मालमोटारींवर बसविली गेली. त्या मातीचे पांढरट ढिगारे आज मैलोन्मैल पसरलेले दिसतात. उघडे सोडलेले खड्डे इतके आहेत की, मागे पाऊल टाकताना पाहून टाका अशा सूचना पाहुण्यांसाठी लावाव्या लागतात. ज्यांच्यापाशी यंत्र नाही आणि पट्टाही नाही, ती माणसे ह्या टाकाऊ ढिगाऱ्यांत नजरेतून निसटलेले तुकडे वेचीत बसतात. आदिवासी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या हेच केले.

ह्या धंद्यात एक गोष्ट निःसंशय चांगली आहे, आणि तिचे श्रेय लोकशाही कायद्याला दिले पाहिजे. ओपलाची जमीन तेथे लहान तुकड्यांत वाटली जाते. साध्या पट्ट्याचे माप ५० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद इतकेच. चार कोपऱ्यांवर खुंट रोवायचे, नोंदणी करायची, आणि काम सुरू करायचे. पट्टा घेऊन तो नुसता अडवून ठेवता येत नाही. त्यावर प्रत्यक्ष काम करावे लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या १९९५ च्या ओपल खाणकाम कायद्यातही लहान पट्ट्यांची ही चौकट कायम ठेवण्यात आली. न्यू साउथ वेल्समधील लाइटनिंग रिज ह्या काळ्या ओपलाच्या क्षेत्रातही असाच प्रघात आहे. जो राबेल त्याचा पट्टा, हे तत्त्व जगातील फार थोड्या खाणींच्या वाट्याला आले आहे. सोने, हिरे, बॉक्साइट ह्यांच्या प्रदेशांत कंपन्यांनी जिल्हेच्या जिल्हे गिळंकृत केले असता, येथे एक शतकाहून अधिक काळ एकटा माणूस टिकून राहिला, ही लहान गोष्ट नव्हे.

मग तो दुबळा का राहिला? कारण कायद्याने त्याला जमीन दिली, भाव दिला नाही.

खाणकरी आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने, रिकाम्या हाताने वर येतो. डिझेल उधारीवर आणलेले असते, यंत्राचा हप्ता थकलेला असतो, किराणावाल्याच्या वहीत पाने भरत असतात. अनेकदा त्याच्या खर्चाचा भार उचलणारा कोणी पाठीराखा असतो. ओपल निघाले तर त्याचा वाटा आधी बाजूला काढायचा. यंत्राचा मालक वेगळा असला तर त्याचाही वाटा. अशा स्थितीत एके दिवशी भुयाराच्या भिंतीत रंगाची रेघ चमकते. खाणकरी तो माल डब्यात भरून खरेदीदाराच्या खोलीत जातो. टेबलावर दिवा, समोर खरेदीदार, आणि बाजारभावाचा फलक कोठेही नाही. दगड घासल्यावर किती उरेल, कोरडा पडल्यावर त्याला तडे जातील की नाही, आतील रंग पाठीपर्यंत पोहोचला आहे की वरच्या पापुद्र्यापुरताच आहे, ही सारी अनिश्चितता बोलून दाखवायची आणि तिचे पैसे विकणाऱ्याच्या किमतीतून कापायचे, हा खरेदीदाराचा रिवाज. दगड चांगला निघाला तर मात्र त्याची वाढीव किंमत खाणकऱ्याकडे परत येत नाही. जोखीम दोघांची म्हणायची, भोगायची एकट्याने!

ह्यात खरेदीदार व्यक्तिशः दुष्ट असतो, असे आम्हांला म्हणायचे नाही. तो रोख पैसे देतो, तोटाही कधी सोसतो. प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाही, स्थानाचा आहे. त्याला हाँगकाँगच्या आणि अमेरिकेच्या बाजारांत काय खपते हे ठाऊक असते, विकणाऱ्याला नसते. तो थांबू शकतो. विकणारा थांबू शकत नाही. एकाला माहिती आहे आणि सवड आहे, दुसऱ्याला दोन्ही नाहीत. अशा दोघांमध्ये झालेल्या सौद्याला मुक्त करार म्हणणे ही शब्दांची थट्टा आहे. लाइटनिंग रिजचे काळे ओपल आज जगातील सर्वांत मोलाचे ओपल गणले जाते. पण चार्ल्स नेटलटन ह्या खाणकऱ्याने १९०३ साली त्याचा पहिला माल विकला, तेव्हा काळ्या दगडाला मागणी नाही ह्या सबबीवर त्याला किरकोळ रक्कम मिळाली. दगड तोच होता. त्याला मोलाचा म्हणण्याचा अधिकार मात्र खोदणाऱ्याच्या हाती नव्हता. १९५४ साली राणी एलिझाबेथ दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या भेटीस आल्या, तेव्हा अँडामूका येथील खाणीतून निघालेले २०३ कॅरटांचे ओपल कंठ्यात जडवून त्यांना अर्पण करण्यात आले. त्या ओपलाला 'राणीचे ओपल' म्हणतात. ते कोणा खाणकऱ्याचे होते, हे नावात उरले नाही.

ह्यावर असे उत्तर दिले जाते की, खाणकरी आपखुषीने जुगार खेळतो आणि जुगाऱ्याची तक्रार ऐकायची नसते. १९५६ साली कूबर पीडीच्या एट माइल क्षेत्रात सुमारे १७,००० कॅरटांचे 'ऑलिंपिक ऑस्ट्रेलिस' हे प्रचंड ओपल निघाले, ही कथा तेथे प्रत्येक नवागताला ऐकविली जाते. उद्या तुझीही पाळी येईल, हा त्या कथेचा मथितार्थ. अशा कथांनी दुहेरी काम होते. एकीकडे त्या माणसाला कष्टांतून पुढे नेतात. दुसरीकडे, आज मिळालेल्या भावाबद्दल बोलण्याची त्याला लाज वाटावी अशी त्याची मनोरचना करतात. आपले नशीब खोटे निघाले, असे तो म्हणतो. भावाची रीत खोटी आहे, असे म्हणत नाही. नशिबाची भाषा जेथे शिरते, तेथे संघटनेची भाषा मुकी होते. त्यात भर म्हणून परस्परांविषयीचा संशय आहे. आपल्या पट्ट्यात रंग लागला ही गोष्ट शेजाऱ्यापासून लपवावी लागते, कारण रात्री दुसऱ्याच्या भुयारात शिरून माल पळविणारे चोर ह्या क्षेत्रांत नेहमीचे आहेत. गुप्तता ही खाणकऱ्याची ढाल आहे; पण खरेदीदाराच्या दारात तीच त्याची बेडी होते. कालच शेजाऱ्याला तशाच दगडाचे किती मिळाले, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

जमिनीचा प्रश्नही आम्ही समजतो तितका सरळ नाही. १९४६ साली एट माइल येथे टॉटी ब्रायंट ह्या आदिवासी स्त्रीला विपुल ओपल सापडले आणि मरू घातलेल्या गावाला नवे जीवन मिळाले. परंतु ज्या भूमीवर खुंट रोवले जात होते ती मुळात तिच्या समाजाची आहे, हे मान्य व्हायला पुढे अनेक दशके लागली. कूबर पीडीच्या परिसरावरील अंताकिरिंजा मातू-यांकुनीजाजारा लोकांचा मूळ हक्क २०११ साली न्यायालयाने मान्य केला. मिंटाबी हे ओपलाचे दुसरे गाव आदिवासींच्या भूमीवर भाडेपट्ट्याने वसलेले होते; तो पट्टा संपवून २०१९ च्या अखेरीस गाव रिकामे करण्यात आले. तेथील खाणकऱ्यांना घरे सोडावी लागली, ह्याचे दुःख आम्हांला आहे. पण लहान माणसाचा हक्क त्याच्याहून लहान केल्या गेलेल्या माणसाच्या हक्कावर उभा राहू शकत नाही, हेही तितकेच खरे.

कूबर पीडीत खाणकऱ्यांची संख्या गेली कित्येक वर्षे घटत आली आहे. जुने थकले, इंधन महागले, तरुण शहरांकडे गेले. गाव पुष्कळ अंशी पर्यटकांवर जगते. ह्याच काळात ओपलाच्या धंद्याचा एक मोठा भाग दुसऱ्या खंडात गेला आणि तेथूनच आपल्या देशाशी त्याचे नाते जुळले.

इथिओपियाच्या उत्तरेस, वोलो प्रदेशात, वेगेल टेना गावाजवळच्या कड्यांत २००८ साली ओपल सापडले. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरांहून उंच असलेल्या पठाराच्या कडेला, ज्वालामुखीच्या प्राचीन थरांमध्ये हे दगड आहेत. त्यांना खोदणारा माणूस शेतकरी आहे. खडकाळ शेतात पोट भरत नाही म्हणून तो हातोडा आणि पहार घेऊन कड्याच्या अरुंद पायवाटेने उतरतो आणि कड्याच्या अंगात आडवे बीळ पाडतो. छताला टेकू नसतात. दरड कोसळून माणसे गाडली गेली आहेत. ऑस्ट्रेलियन खाणकऱ्यापाशी निदान नोंदलेला पट्टा आहे, आजारपणात सरकारी दवाखाना आहे, म्हातारपणी पेन्शन आहे. ह्याच्यापाशी त्यांतले क्वचितच काही असते. इथिओपियाच्या १९९५ च्या राज्यघटनेने जमीन आणि निसर्गसंपत्ती राज्याची व जनतेची म्हणून घोषित केली आहे. पण जनतेची संपत्ती कड्यावरून खाली येईपर्यंत दलालाची झालेली असते. त्यातच २०२१ साली युद्धाची आघाडी वोलोतून गेली, आणि २०२३ पासून अम्हारा प्रांतात पुन्हा सशस्त्र संघर्ष पेटला. बंदुकीच्या सावलीत विकणाऱ्याला भावाची घासाघीस कोठून सुचणार?

हा कच्चा माल अदिस अबाबाच्या व्यापाऱ्यांमार्फत मोठ्या प्रमाणावर जयपूरला येतो. जयपूरचे कारागीर तो चाकावर घासतात, त्याला गोलाई आणि झिलई देतात. तेथून तो हाँगकाँगच्या आणि अमेरिकेच्या बाजारांत जातो. म्हणजे वोलोच्या शेतकऱ्याला कमी भाव मिळण्याच्या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा आपल्या देशात आहे. त्या नफ्यातून जयपूरचा कारागीर धनवान झाला, असे मात्र कोणी समजू नये. नगावर मजुरी, घराच्या खोलीत चाक, डोळ्यांवर ताण, आणि मंदी आली की काम बंद, अशी त्या कारागिरांपैकी पुष्कळांची स्थिती आहे. खोदणारा आणि घासणारा ह्या दोघांच्या हातांनी दगडाचे रत्न होते. दोघांची परस्परांशी गाठ पडत नाही, आणि त्या दोघांमधील अंतर हीच मधल्या माणसाची मिळकत आहे.

उपाय काय? ओपलाचे वैशिष्ट्य असे की, कोणतेही दोन दगड सारखे नसतात. कापसाला वा साखरेला प्रतवारी लावून भाव बांधता येतो, तसा ह्याला बांधता येत नाही. तेव्हा सरकारने दर जाहीर करावा, अशी मागणी करून आम्ही आमच्या वाचकांची दिशाभूल करणार नाही. पण दर बांधता येत नसला तरी दर ठरविण्याची रीत बदलता येते. पहिली गोष्ट म्हणजे, मालाची पारख करणारा माणूस खरेदीदाराचा नोकर नसावा. खाणकऱ्यांच्या सहकारी संस्थेने वा स्थानिक शासनाने नेमलेला पारखी असावा, आणि त्याच्या निर्णयाची कारणे विकणाऱ्याला समजतील अशा भाषेत सांगितली जावीत. दुसरी गोष्ट म्हणजे, एका बंद खोलीत एका खरेदीदाराशी होणाऱ्या सौद्याऐवजी ठरलेल्या दिवशी अनेक खरेदीदारांसमोर मोहोरबंद बोलींनी माल विकला जावा. विकणाऱ्यांची नावे गुप्त ठेवूनही मिळालेले भाव जाहीर करता येतात. त्यामुळे चोरांचे भयही राहत नाही आणि अंधारही राहत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उचल. माल संस्थेकडे ठेवून त्यावर खाणकऱ्याला तत्काळ काही रक्कम मिळाली, तर त्याला पुढच्या लिलावापर्यंत थांबता येईल. थांबण्याची शक्ती हीच बाजारातील खरी शक्ती आहे, आणि ती एकट्याला मिळत नाही. अनेकांनी मिळून निर्माण करावी लागते.

चौथी गोष्ट कारागिरीची. घासणी-घडाई खाणीजवळ झाली तर मूल्याचा मोठा हिस्सा तेथेच राहील, हे खरे. इथिओपियाच्या शासनानेही तशी इच्छा वेळोवेळी व्यक्त केली आहे. मग जयपूरच्या कारागिराचे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. तो योग्य आहे. आमचे उत्तर असे की, जयपूरच्या कारागिराचे हित वोलोच्या शेतकऱ्याच्या अडाणीपणावर अवलंबून ठेवणे हे दोघांनाही खड्ड्यात ढकलणारे आहे. आपल्या कारागिरांनी आपले कौशल्य तेथे शिकवावे, आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी तेथील सहकारी संस्थांकडून थेट माल घ्यावा. दलालीतून जे वाचेल, त्यातून खोदणाऱ्याचा भाव आणि घासणाऱ्याची मजुरी ही दोन्ही वाढू शकतात. माल कोठून, कोणाकडून, किती किमतीला आला ह्याची नोंद आयातदारांवर बंधनकारक करणे भारत सरकारच्या हाती आहे. तेवढे झाले तरी आरंभ होईल.

हे सोपे आहे असे आम्ही म्हणत नाही. खाणकरी स्वभावाने एकटा असतो. बंधन नको म्हणूनच तो वाळवंटात गेलेला असतो. सहकाराच्या नावाने नवा मुकादम आपल्या मानेवर बसेल, ही त्याची शंका निराधार नाही. सहकारी संस्था मूठभरांच्या मालमत्ता झालेल्या आपणही पाहिल्या आहेत. म्हणूनच अशा संस्थेचा कारभार खोदणाऱ्यांच्याच हाती असावा, हिशेब उघडे असावेत, आणि ज्याला बाहेर विकायचे असेल त्याला ती मुभा असावी. ज्या माणसाने पन्नास मीटरांच्या तुकड्यासाठी स्वातंत्र्य जपले, त्याला त्याच स्वातंत्र्याचा उरलेला अर्धा भाग मिळवून देण्याचा हा प्रश्न आहे. पट्टा त्याच्या नावावर आहेच. आता त्या पट्ट्यातून निघालेल्या दगडाच्या भावावर त्याचा शब्द चालला पाहिजे. कूबर पीडीचा वृद्ध खाणकरी, वोलोचा शेतकरी आणि जयपूरचा कारागीर ह्यांना एकमेकांची नावे ठाऊक नाहीत. ती ठाऊक करून देण्याचे काम कामगार-चळवळीने आणि सहकारी चळवळीने अंगावर घेतले पाहिजे, आणि त्याची सुरुवात आपल्या देशातील दुव्यापासून, जयपूरपासून, व्हावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.